दत्तक नामंजूर

किंक्रांतीला शुभ काम करू नये म्हणतात. नेमका त्याच दिवशी झुरिकहून भाच्याचा फोन आला. "मामा, यंदा तुमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत ना? मी तुम्हाला आणि मामीला एक गाय भेट दिलीय."

कोल्हापुरात जन्मलेल्या माणसाला कोणी जनावर देतो म्हणालं की त्याच्या तोंडून आपसूक दोन प्रश्न निघतात. माझ्याही निघाले. "म्हैस का नाही? आणि फॅट किती?"

भाचा हसला. आक्का लग्न होऊन पुण्याला गेली, पोरगं तिथंच वाढलं, त्याला काय बोलणार? तो म्हणाला, "मामा, ती इथंच राहणार, आल्प्सवर. एका उन्हाळ्यापुरती तुमची. तिचा फोटो येईल, प्रमाणपत्र येईल. जुलैमध्ये तुम्ही आलात की आपण तिला भेटायला जाऊ. इकडे लोक हौसेने गाई दत्तक घेतात."

फोन स्पीकरवर होता. स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, "शेण कोण काढणार?"

चाळीस वर्षांत या बाईला मुद्दा सोडून बोलताना मी पाहिलेलं नाही.

त्यात 'दत्तक' हा शब्द आमच्या गावात जरा जपून वापरतात. कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव 1884 साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि त्यांचे शाहू महाराज झाले. तेव्हा दत्तक म्हणजे वंश, वारसा, जन्माची सोयरीक. जूनला दत्तक घ्यायचं आणि सप्टेंबरला परत करायचं, हा प्रकार आमच्या डोक्यात बसत नाही. हिने तर लॉर्ड डलहौसीच्या थाटात तिथल्या तिथं दत्तक नामंजूर करून टाकलं. पण भाच्याने विमानाची तिकिटंही काढली होती. मग निर्णयाचा फेरविचार झाला.

नंतर कळलं की स्वित्झर्लंडमधले लोक याला दत्तक म्हणतच नाहीत. ते म्हणतात 'कू-लीजिंग'. कू म्हणजे गाय, आणि लीजिंग म्हणजे मोटारीचं असतं तेच. दत्तक हा शब्द इटलीवाल्यांचा. अब्रुझ्झोच्या डोंगरातल्या अन्वेर्सा नावाच्या खेड्याने मेंढी दत्तक द्यायला सुरुवात केली. पैसे भरले की मेंढीच्या नावाचा कागद आणि तिकडचं चीज घरपोच. इटलीतच वालसुगाना खोऱ्यात गाय दत्तक मिळते. उन्हाळ्यात डोंगरावर जाऊन तिला भेटायचं आणि भरलेल्या पैशांतून तिथलं चीज-लोणी घेऊन यायचं. माणूस इटालियन असला की त्याला नातं लागतं आणि स्विस असला की करार लागतो, एवढाच फरक. माझी हयात सहकारी बँकेत गेली असल्यामुळे मला करारच बरा वाटला.

फेब्रुवारीत पाकीट आलं. आत जाड कागदावर प्रमाणपत्र आणि गाईचा फोटो. तांबूस-पांढरं अंग, पांढरं तोंड, आणि कॅमेऱ्याकडे अशी नजर की जणू आपणच तिच्याकडे कर्ज मागायला गेलोय. नाव ब्लुएमली. भाच्याने सांगितलं, म्हणजे छोटंसं फूल. हिने ताबडतोब तिचं फुलाबाई केलं. खाली कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर.

तो नंबर आणि तो फोटो पाहिला आणि माझ्यातला निवृत्त कर्ज विभाग खडबडून जागा झाला.

सांगतो. नोकरीची पहिली काही वर्षं मी म्हैस कर्जाच्या टेबलावर होतो. काळ आयआरडीपीचा, म्हणजे एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचा. 1980 पासून तो देशभर लागू झाला आणि कागदावर एवढ्या म्हशी जन्माला आल्या की त्या सगळ्यांनी एकदम पंचगंगेवर पाणी प्यायलं असतं तर नदी आटली असती. कर्ज द्यायच्या आधी स्थळपाहणी करायची, म्हैस डोळ्यांनी बघायची, अर्जदाराला तिच्या शेजारी उभं करून फोटो काढायचा आणि फाईलला लावायचा. एकदा एकाच गावातल्या तीन फायली मी शेजारी शेजारी ठेवल्या. अर्जदार तीन, गोठे तीन, म्हैस एक. डाव्या शिंगाचं टोक मोडलेलं होतं, म्हणून सापडली. साहेबांना दाखवलं तर म्हणाले, "तिघं भाऊ असतील." विम्यासाठी म्हशीच्या कानात बिल्ला मारायचे. बिल्ला नाही तर भरपाई नाही, असा नियम. म्हैस मेली की बिल्ल्यासकट कान कापून आणलेले लोक मी काऊंटरवर पाहिलेत. आणि ज्या म्हशीचा कान आमच्याकडे जमा होता, तीच म्हैस पुढच्या सोमवारी वडगावच्या बाजारात एका कानानिशी उभी असलेलीही पाहिली आहे.

असा अनुभव गाठीशी असलेल्या माणसाच्या हातात कोणी गाईचा फोटो ठेवला, तर त्याला आल्प्स दिसत नाहीत. त्याला पहिली शंका येते ती हीच, की हा फोटो किती फायलींना लावलाय?

मी भाच्याला भाडं विचारलं. तो आढेवेढे घेत म्हणाला, तीन-चारशे फ्रँक असतं साधारण. फ्रँक तेव्हा शंभराच्या आसपास होता. चीजचे पैसे वेगळे. हिने हिशेब केला, "एवढ्यात म्हशीचं पुढचं निम्मं अंग आलं असतं." तसं पाहिलं तर आलेलंच होतं. फोटोत पुढचंच निम्मं अंग होतं. दोघा भावांनी म्हैस वाटून घेतल्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पुढचं अंग ज्याच्या वाट्याला आलं त्याने वैरण घालायची, मागचं ज्याच्या वाट्याला आलं त्याने दूध काढायचं. आमच्या वाट्याला तोंड आलं होतं.

आता यात नवीन काय, असंही वाटून गेलं. अंबाबाईच्या देवळाबाहेर, मुंबईत तर नाक्यानाक्यावर, एक बाई गाय बांधून आणि पुढ्यात गवताच्या पेंढ्या ठेवून बसलेली असते. पैसे द्या, पेंढी घ्या, गाईला घाला, नमस्कार करा, चला. गवत तिचं, गाय तिची, पुण्य आपलं. वसुबारसेला सोसायटीच्या गेटवर गाय-वासरू अर्ध्या तासासाठी येतं, तेही भाड्यानेच. गोशाळांतून महिन्याचा खर्च भरून गाय दत्तक घेता येते. शासनाने 30 सप्टेंबर 2024 रोजी देशी गाईला 'राज्यमाता' जाहीर केलं. म्हशीशी अजून कसलंही नातं जाहीर झालेलं नाही, याची कोल्हापुरात नोंद घेतली गेली आहे. सांगायचं म्हणजे, जनावर एकाचं आणि जिव्हाळा दुसऱ्याचा ही व्यवस्था आपल्याकडे जुनी आहे. स्विस लोकांनी फक्त पावती द्यायला सुरुवात केली.

जुलैत आम्ही गेलो. झिम्मेन्टाल म्हणजे झिम्मे नदीचं खोरं. आपल्या पशुसंवर्धनाच्या पुस्तकात 'सिमेंटल' म्हणून जी गाय असते तिचं हे माहेर. आगगाडी, मग बस, मग दीड तास चढण. तिकडे जूनमध्ये गाई वरच्या कुरणांवर नेतात आणि सप्टेंबरात खाली आणतात. शंभरेक दिवसांचा मुक्काम. तेवढे दिवस शेतकरी वर लाकडी घरात राहतो, तिथंच धारा काढतो, तिथंच तांब्याच्या कढईत चीज करतो. गाई वर नेऊन चारल्याबद्दल सरकार वेगळे पैसे देतं, कारण चरलं नाही तर कुरणात झुडपं माजतात आणि पर्यटकाला हवा असलेला हिरवागार डोंगर उरत नाही. म्हणजे गाय चरते ते दुधासाठी, सरकारसाठी आणि आमच्या फोटोसाठी. एवढी कामं करूनही चेहऱ्यावर ताण नव्हता.

शेतकरी पन्नाशीचा, हाताचे पंजे फावड्याएवढे. त्याने हात पुढे केला, मी घाईने हलवला आणि थेट गाईकडे गेलो. खिशातून प्रमाणपत्र काढलं, चष्मा लावला आणि फुलाबाईचा कान धरला. पिवळा बिल्ला. पहिली अक्षरं देशाची, पुढे बारा आकडे. आपल्याकडच्या पशू आधारचेही बारा असतात. मी एकेक आकडा मोठ्याने वाचत ताडून पाहिला. उजवा कान झाल्यावर डावाही पाहिला. शेतकऱ्याने भाच्याला हळूच काहीतरी विचारलं. नंतर कळलं, तो विचारत होता की हे गृहस्थ पशुवैद्य आहेत का? भाचा लाजत म्हणाला, "बँकेत होते."

नंबर जुळला.

तरी माझा विश्वास बसेना. एका गाईला चार मालक असू शकतात. मी पाणी मागायचं निमित्त करून घरात गेलो. भिंतीवर फळी होती. तिच्यावर गाईंचे फोटो, प्रत्येकीखाली एकेका कुटुंबाचं नाव. मी फोटो मोजले, चौदा. बाहेर येऊन गाई मोजल्या, चौदा. नावं मोजली, चौदा. ब्लुएमलीखाली आमचं आडनाव, एक अक्षर चुकवून का होईना, पण होतं. उभ्या नोकरीत ज्या गोष्टीची वाट पाहिली, ती पूर्ण जुळलेली फाईल मला निवृत्तीनंतर सात हजार किलोमीटरवर भेटली. खरं सांगायचं तर थोडी निराशाच झाली.

मग कळलं की करारात आणखी एक कलम आहे. भाडेकरूने अर्धा दिवस कुरणात श्रमदान करायचं. म्हणजे जनावर आपल्या नावावर, पैसे आपण भरलेले, आणि वर काम करायचं. आपल्याकडे कोणी पाहुण्याला असं सांगितलं असतं तर सोयरीक मोडली असती. तिथं मात्र डॉक्टर, वकील असले लोक खुशीने येतात म्हणे आणि हिवाळ्यात वरून घरंगळलेले दगड वेचून जातात. मला दगडांचं काम मिळालं. हिच्या हाती त्याने फावडं दिलं आणि गोठ्याकडे बोट दाखवलं.

"बघा," ही माझ्याकडे पाहून म्हणाली, "मी जानेवारीतच विचारलं होतं."

पण गोठ्यात गेल्यावर ही रमली. हिचं माहेर करवीर तालुक्यातलं, दाराशी चार म्हशी. तिने फावड्याच्या टोकावर शेण घेतलं, उजेडात धरलं, किंचित कलवलं आणि निकाल दिला. "पातळ आहे. नुसता हिरवा चारा. गोवरी नाही व्हायची." शेतकऱ्याची म्हातारी आई दारात उभी होती. तिला मराठी येत नव्हतं, हिला जर्मन. पण हिने शेणाकडे बोट दाखवून मान हलवली, तशी म्हातारीने आकाशाकडे बोट दाखवून खांदे उडवले. पाऊस फार झालाय यंदा, गवत पाणचट. दोघींचं एकमत झालं. पुढचा तासभर त्या बोलत होत्या आणि मी व भाचा, आमच्याकडे इंग्रजीसकट चार भाषा असूनही, गप्प बसलो होतो.

धारा यंत्राने काढतात. म्हातारीने हिला खुणेने विचारलं, हाताने येते का? ही पदर खोचून बसली. आधी सड धुतले, मग कासेला दोनदा खालून हलके हात दिले, वासरू ढुसण्या देतं तसे. मग मूठ. अंगठा दुमडून नाही, पूर्ण मुठीने. अंगठ्याने ओढलं की जनावराला दुखतं आणि ते पान्हा चोरतं, हे हिने मला लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. कशावरून विषय निघाला होता ते आठवत नाही. दोन-तीन धारा कोरड्या गेल्या. मग बादलीत तो आवाज सुरू झाला, आधी पत्र्यावर पडल्यासारखा टणटणीत आणि दूध साठत जाईल तसा जाड, फेसाळ. फुलाबाईने मान वळवून पाहिलं आणि पुन्हा रवंथ सुरू केला. परदेशी बाईला पहिल्या बैठकीत पान्हा सोडला म्हणून म्हातारी खूश.

मी जवळ जाऊन फुलाबाईच्या मानेवर हात ठेवला. तिने माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत खरबरीत जीभ फिरवली. एकदा, दोनदा, तीनदा. माझा गळा दाटून आला. म्हटलं, कागदाचं का असेना, मुक्या जिवाला नातं कळतं. भाचा म्हणाला, "घामातलं मीठ, मामा. सगळ्यांनाच चाटतात."

भावना आवरून मी शेतकऱ्याला मूळ प्रश्न विचारला. "फॅट किती?" भाच्याने भाषांतर केलं. तो अभिमानाने म्हणाला, "चार." मी काही बोललो नाही. पाहुण्याच्या घरी जाऊन त्याच्या जनावराला नावं ठेवू नयेत. आमच्याकडे म्हशीला सात लागलं नाही तर घरात दोन दिवस कोणी कोणाशी बोलत नाही.

संध्याकाळी त्याने तळघरातून जुनं चीज आणलं. दीड वर्षाहून जास्त मुरवलेलं, इतकं कडक की सुतारासारखा रंधा मारून त्याच्या सालपटांच्या गुंडाळ्या करतात आणि खातात. दहा लिटर दुधाचं किलोभर चीज. झकास होतं. मी चौथी गुंडाळी उचलली तेवढ्यात भाच्याने माहिती पुरवली की दूध विरजायला जे रेनेट लागतं ते वासराच्या पोटातून काढतात. हिचा हात थांबला. कोल्हापूरची बाई, तांबड्या रश्श्याची वाटी उभ्याने संपवणारी. पण म्हणाली, "आधी वासराचं दूध घ्यायचं आणि वर त्याचंच पोट?" मी म्हटलं, आपण बोकडाचं काय ठेवतो? तर म्हणाली, "बोकडाच्या आईचं दूध तर पीत नाही ना आपण?" यावर विचार करता करता मी पाचवी गुंडाळी संपवली.

जवळच युस्टिसटाल म्हणून खोरं आहे. तिथं सप्टेंबरात उन्हाळ्यातलं सगळं चीज आणून उघड्यावर थप्प्या लावतात आणि ज्याच्या गाईने जितकं दूध दिलं त्या हिशेबाने, चिठ्ठ्या टाकून, मालकांना वाटतात. ऐकून बरं वाटलं. आमच्याकडे दिवाळीच्या तोंडावर दूध संस्था 'फरक' वाटते तेच हे. फक्त त्यांच्याकडे फरकावरून संचालक मंडळ पडल्याचं ऐकिवात नाही.

फुलाबाईला शिंगं नव्हती. मला वाटलं जातच तशी. तर म्हणे नाही, लहानपणीच डाग देऊन काढतात, कारण गोठ्यात एकमेकींना मारतात. यावर त्या देशात चक्क मतदान झालं. आर्मीन कापाउल नावाच्या डोंगरातल्या शेतकऱ्याने सह्या गोळा केल्या. मागणी एकच, जो गाईंची शिंगं ठेवील त्याला सरकारने अनुदान द्यावं. 25 नोव्हेंबर 2018 ला अख्खा देश गाईच्या शिंगांवर मत द्यायला गेला आणि 54.7 टक्क्यांनी ठराव पडला. आमच्या पंढरपुरी म्हशीची शिंगं खांद्याच्या मागे पार पाठीवर जातात. असा ठराव आमच्या जिल्ह्यात आला असता तर विरोधी मत कोणी टाकलं हे संध्याकाळपर्यंत कळलं असतं.

घंटांचंही तसंच. एक डच बाई बरीच वर्षं तिकडे राहत होती. गाईंच्या गळ्यातल्या घंटा बंद करा म्हणून ती तक्रारी करायची. तिने नागरिकत्वासाठी अर्ज केला तर गावकऱ्यांनी दोनदा फेटाळला. म्हणाले, फार कटकट करते. शेवटी 2017 साली वरून आदेश आला तेव्हा मिळालं. मला गावकऱ्यांचं चूक वाटत नाही. घंटा म्हणजे तिकडे अस्मितेचा विषय. आणि आपल्याकडेही आहे, कारण 1995 च्या दिलवाले दुल्हनियामध्ये राज सिमरनला तिथलीच गाईची घंटा घेऊन देतो. तिकडे इंटरलाकेनला यश चोप्रांचा पुतळा उभा आहे. भारतीय माणूस आधी त्याच्यासोबत फोटो काढतो आणि मग घंटा घेतो. हिनेही घेतली. चांगली तांब्याएवढी. विमानतळावर ती बॅगेत वाजली तेव्हा पाच माणसांनी मागे वळून पाहिलं.

इथंवरचं सगळं ठीक होतं. खरी भानगड कोल्हापुरात झाली.

आमचा दूधवाला पूर्वी तालमीत होता, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणतात. गंगावेशीच्या कट्ट्यावर त्याची चंद्री उभी असते. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पहाटे आणि संध्याकाळी तिथं म्हशी ओळीने उभ्या राहतात, गिऱ्हाईक समोर थांबतं, गवळी धार काढतो आणि फेसाने भरलेला पेला कोमटच्या कोमट हातात देतो. धारोष्ण. मध्ये पिशवी नाही, टँकर नाही, प्रमाणपत्र नाही. जिचं दूध पितोय ती समोर उभी राहून आपल्याकडे बघत असते. पंढरपुरी म्हैस याला चालते, कारण ती चौकात, माणसांच्या गर्दीत, कुठेही उभी केली तरी पान्हा सोडते.

पैलवानाने मला विचारलं, "काय सायेब, बघून आलासा न्हवं गाय? फॅट किती?"

"चार."

"मग कशाला गेलासा?"

मी त्याला सगळं सांगितलं. भाडं सांगितलं, श्रमदान सांगितलं. पैशांचा आकडा ऐकून त्याने शांतपणे बादली खाली ठेवली. "म्हंजे चाळीस हजार देतोय, दूध नेत न्हाई, आणि वर शेण काढून जातोय?" तो बराच वेळ चंद्रीकडे बघत राहिला. त्या नजरेत मला एक योजना दिसली.

दिवाळीच्या पाडव्याला म्हशींची मिरवणूक असते. शिंगं रंगवतात, कवड्या, मोरपिसं लावतात, मोटरसायकलचा सायलेन्सर काढून मालक पुढे सुसाट जातो आणि म्हैस त्याच्या मागे पळते. स्विस गाई सप्टेंबरात डोक्यावर फुलांचे मुकुट घालून खाली उतरतात ते मी फक्त व्हिडिओत पाहिलं. पण शेपटी उभारून धावणाऱ्या चंद्रीपुढे ते म्हणजे शाळेची प्रभातफेरी. त्या पाडव्याला चंद्रीच्या गळ्यात आमची घंटा होती. हिनेच दिली. हिने तो व्हिडिओ झुरिकला पाठवला आणि पाठोपाठ पैलवानाने माझ्याकडून इंग्रजीत मजकूर लिहून घेतला. म्हैस दत्तक, वर्षभरासाठी, रक्कम भारतीय रुपयांत.

भाच्याने दोन मिनिटांत पैसे पाठवले. आणि खाली लिहिलं, "मामा, कानातल्या बिल्ल्याचा नंबर पाठवा." रक्त बोलतं ते असं.

सहा महिने सगळं छान चाललं. दर रविवारी चंद्रीचा फोटो झुरिकला जायचा. तिकडून हृदयाची चिन्हं यायची. मग ज्येष्ठात चंद्री आटली. गाभण होती, दोन-अडीच महिन्यांनी विणार, तेव्हा दूध बंद होणारच. पण भाच्याचा फोन आला. स्विस पद्धतीने, नम्रपणे विचारत होता की दूध बंद असलेल्या महिन्यांचे पैसे वळते होतात का. तिकडे लीज असते ती फक्त त्या शंभर दिवसांची, गाय दुभती असते तेवढ्यापुरती. बाकीचं वर्ष ती कोणाच्या नावावर असते हे प्रमाणपत्रावर छापत नाहीत. तो हिवाळा, ते शेण, ती भाकड गाय एकट्या शेतकऱ्याची.

मी निरोप पैलवानाला सांगितला. तो चंद्रीपुढे कडबा टाकत होता. चारा तेवढाच लागतो, उलट पोटुशी म्हणून पेंड जास्त. त्याने न बघताच विचारलं, "दत्तक म्हणाला हुता की भाड्यानं म्हणाला हुता?"

"दत्तक."

"मग आई आटली म्हणून पैसं परत मागत्यात व्हय?"

मी हे जसंच्या तसं झुरिकला कळवलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग भाच्याने पेंडीचे पैसे वेगळे पाठवले. ही म्हणाली, "आता झालं दत्तक मंजूर."

यंदा मात्र भाच्याला एकट्याला परवडत नाही, म्हणून पैलवानाला आणखी काही पालक हवे आहेत. चंद्री श्रावणात विणार आहे. इच्छुकांनी ती भाकड आहे तोवरच नाव नोंदवावं. व्यायल्यानंतर आलेल्यांना घेणार नाही असं त्याने निक्षून सांगितलंय. चौकशी गंगावेशीच्या कट्ट्यावर पहाटे साडेपाचला, घंटेचा आवाज येईल तिथं. फावडं घरून आणावं.